ध्वनीचे नमुने आणि त्यांचा हिशेब : सॅम्पलर कसा वापरावा?

लग्नसराई, उत्सव, ऑर्केस्ट्रा आणि कव्वालीच्या मैफली यांवर ज्यांची रोजी चालते असे वादक आपल्या ओळखीपाळखीत बरेच आहेत. या धंद्यात सॅम्पलर नावाचे यंत्र आता चांगलेच रुळले आहे. त्याची किंमत लहान कारागिराला जड जाते, म्हणून पुष्कळजण ते हप्त्याने घेतात. पण घेतल्यावर कारखान्यातून भरून आलेले आवाजच वाजवीत राहतात. मग प्रत्येक पार्टीचा आवाज सारखाच होतो, गिऱ्हाईक भाव पाडून मागते आणि यंत्रात अडकलेले भांडवल सुटत नाही.

आम्ही कापडाचे व्यापारी, वादक नव्हे. परंतु बँजो पार्ट्यांच्या गणवेशाचे कापड आमच्याकडून जाते आणि त्या निमित्ताने हे यंत्र व त्याची कामाची पद्धत आम्ही जवळून पाहिली आहे. शिवाय सॅम्पल म्हणजे नमुना. नमुना कसा कापावा, कोठे ठेवावा आणि मागितल्याबरोबर कसा काढून द्यावा, हे तर आमचे रोजचेच काम आहे.

सॅम्पलर म्हणजे काय?

खऱ्या वाद्याचा किंवा कोणताही ध्वनी रेकॉर्ड करून साठविणारे आणि पॅडवर ठोका पडताच तोच ध्वनी ऐकविणारे यंत्र म्हणजे सॅम्पलर. बाजारात ‘ऑक्टापॅड’ या एकाच नावाने सर्व यंत्रे ओळखली जातात. तेथेच खरेदीत फसगत होते. रोलँड कंपनीच्या एसपीडी-२० आणि एसपीडी-३० या पॅडमध्ये आवाज आतच भरलेले असतात. आपला स्वतःचा ध्वनी त्यांत भरता येत नाही. त्याच कंपनीच्या एसपीडी-एसएक्समध्ये तो भरता येतो. त्याला ९ पॅड आणि १०० किट आहेत. किट म्हणजे नऊही पॅडवर कोणते आवाज लावायचे याचा एक संच. जुना माल घेताना ‘यात माझा स्वतःचा आवाज भरून दाखवा’ असे सांगावे. दाखविला नाही तर पैसे मोजू नयेत.

जागेचा हिशेब

सीडीच्या दर्जाचा ध्वनी साठविताना यंत्र एका सेकंदात ४४,१०० वेळा मोजमाप घेते आणि प्रत्येक मोजमापाला २ बाइट जागा लागते. म्हणजे एकेरी (मोनो) ध्वनीला सेकंदाला ८८,२०० बाइट व दुहेरी (स्टिरिओ) ध्वनीला त्याच्या दुप्पट. एक मिनिटाचा स्टिरिओ ध्वनी सुमारे १० मेगाबाइट जागा घेतो. ढोलकीचा अर्ध्या सेकंदाचा एक ठोका मोनोमध्ये ठेवला तर तो ४४ किलोबाइटमध्ये मावतो. एका ठोक्याला स्टिरिओची गरज सहसा नसते.

जुन्या लोकांना ही चैन नव्हती. १९८७ च्या ई-म्यू कंपनीच्या एसपी-१२०० मध्ये सगळे मिळून १० सेकंदांचा ध्वनी मावत असे. १९८८ साली रॉजर लिन यांनी आकाई कंपनीसाठी घडविलेल्या एमपीसी ६० मध्ये सुमारे १३ सेकंद. अमेरिकेतील कारागीर त्यावर युक्ती करीत. ३३ च्या गतीची रेकॉर्ड ४५ वर वाजवून ध्वनी आत घेत आणि मग यंत्रात त्याची गती खाली आणीत. त्यामुळे कमी जागेत जास्त माल बसे. वीज गेली की त्या यंत्रांतील आवाजही पुसले जात, म्हणून ते फ्लॉपीवर जपावे लागत. आज जागा मुबलक आहे. मात्र जागा मुबलक झाली की गोदामात पसारा होतो. ते या यंत्रातही होते.

आवाज घेणे आणि कापणे

पहिली गोष्ट रेकॉर्डिंगची. आवाजाची पातळी इतकी ठेवावी की सर्वांत जोराचा ठोकाही वरच्या मर्यादेला टेकणार नाही. मर्यादेपलीकडे गेलेला ध्वनी फाटतो आणि नंतर आवाज कमी केला तरी फाटलेला भाग सांधला जात नाही. जळालेले कापड धुऊन नवे होत नाही, तसेच हे. उलट आवाज थोडा कमी आला असेल तर ‘नॉर्मलाइझ’ या सोयीने तो वाढविता येतो. फक्त त्याबरोबर खोलीतील पंख्याची घरघरही वाढते. म्हणून पंखा बंद करून, जाड पडदे किंवा गाद्या लावलेल्या खोलीत रेकॉर्डिंग करावे.

दुसरी गोष्ट कापण्याची. रेकॉर्डिंग सुरू झाल्यापासून हात पडेपर्यंत थोडी शांतता राहतेच. ती सेकंदाच्या पन्नासाव्या भागाइतकी उरली तरी ठोका उशिरा पडल्यासारखा वाटतो. दोष मात्र वादकाच्या हाताला लागतो. म्हणून सुरुवात अगदी ठोक्याला भिडवून कापावी. शेवटी घाई करू नये. ढोलाची घुमक किंवा झांजेचा नाद पूर्ण विरू द्यावा. ध्वनीची लहर शून्यावर येते त्या ठिकाणी कापले तर सांधा कळत नाही. लहर वर असताना कापले तर ‘टक्’ असा आवाज येतो.

तिसरी गोष्ट सुराची. यंत्रात सूर वर-खाली करता येतो, पण साध्या पद्धतीत सूर दुप्पट चढविला की ध्वनीची लांबी निम्मी होते. ढोलकी थोडी चढविली तर चालते, फार चढविली तर डब्यासारखी वाजते. तेव्हा गायक ज्या पट्ट्यांत गातात, समजा पांढरी चार, काळी एक आणि काळी दोन, त्या प्रत्येक पट्टीत ढोलकी लावून ठोके वेगळे घ्यावेत. शक्य असेल तर एकच ठोका हलका आणि जोरकस असा दोनदा घ्यावा. एसपीडी-एसएक्समध्ये एका पॅडवर दोन ध्वनी ठेवून हाताच्या जोराप्रमाणे ते बदलता येतात. त्यामुळे वाजविणे यांत्रिक वाटत नाही.

चौथी गोष्ट लूपची, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या तुकड्याची. त्याची लांबी कानाने नव्हे, हिशेबाने कापावी. ६० ला मिनिटातील मात्रांनी भागावे आणि तुकड्यातील मात्रांनी गुणावे. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत ८ मात्रांचा केरवा बरोबर ३ सेकंदांचा होतो. तो ३.०३ सेकंदांचा कापला तर दहा फेऱ्यांत पाऊण मात्रेहून जास्त मागे पडतो. बरोबरच्या वादकांची मग त्रेधा उडते.

नावे आणि मांडणी

ज्या दुकानात थानांना चिठ्ठी नाही, त्या दुकानात गिऱ्हाईक उभे राहते आणि नोकर शोधत बसतो. ‘नवीन १’, ‘नवीन २’ अशी नावे दिलेल्या सॅम्पलरची तीच गत. नावात आधी वाद्य, मग पट्टी, मग ठोका असा क्रम ठेवावा. जसे ‘ढोलकी-का१-ता’, ‘हलगी-जोर’, ‘संबळ-हलका’. यादीत एका वाद्याचे ठोके मग आपोआप एकत्र येतात.

किट बांधताना प्रत्येक किटमध्ये मुख्य ठोका त्याच पॅडवर ठेवावा. हाताला सवय होते आणि अंधाऱ्या मांडवातही चूक होत नाही. किटांचा क्रम कार्यक्रमाच्या क्रमाने लावावा. झांज उघडी व मिटलेली असे दोन आवाज असतील तर ते एका ‘म्यूट ग्रुप’मध्ये घालावेत, म्हणजे एक वाजताच दुसरा थांबतो. सर्व किटांच्या आवाजाची पातळी मोठ्या स्पीकरवर एकदा सारखी करून घ्यावी. नाहीतर एका गाण्यात कान बसतात आणि पुढच्यात पॅड ऐकूच येत नाही.

संपूर्ण भरणा यूएसबी पेनड्राइव्हवर उतरवून एक प्रत घरी व एक पेटीत ठेवावी. यंत्र बिघडले, चोरीला गेले किंवा भाड्याचे घ्यावे लागले, तर त्याच मॉडेलवर काही मिनिटांत सगळा माल परत भरता येतो. ऐन हंगामात एक कार्यक्रम हातचा गेला तर केवळ बिदागी जात नाही, पुढची तीन बोलावणीही जातात.

माल कोणाचा?

आता मुख्य मुद्दा. चित्रपटगीतातून ठोके कापून घेणे सोपे आहे, पण तो माल दुसऱ्याचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रसिद्धीच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे राहतो आणि गीत व संगीताचे हक्क त्याहून वेगळे असतात. विकत घेतलेल्या आवाजांच्या संग्रहातही अटी असतात. आपल्या संगीतात वापरण्याची परवानगी बहुधा असते, तेच आवाज पुढे विकण्याची नसते. बाजारात पेनड्राइव्ह भरून देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी काय दिले याची जबाबदारी शेवटी वाजविणाऱ्यावर येते.

सरळ मार्ग एकच. आपल्याच भागातील जुन्या, जाणत्या ढोलकी, हलगी वा ताशा वादकाला बोलवावे, दिवसभराचा मोबदला ठरवावा आणि त्याचे ठोके रेकॉर्ड करावेत. ते कोठे वापरणार, दुसऱ्यांना विकणार की नाही, हे कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. या यंत्राने ज्याचे काम कमी झाले, त्याच कारागिराच्या हुनराला अशाने किंमत मिळते. आणि पार्टीलाही असा आवाज मिळतो जो शेजारच्या पार्टीकडे नाही. भाव पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकापुढे हेच उत्तर चालते.

ज्यांनी यंत्र आधीच घेतले आहे त्यांनी येत्या हंगामापूर्वी एक दिवस काढावा. नको असलेले आवाज काढून टाकावेत, उरलेल्यांना नावे द्यावीत आणि सर्वांत आधी एक प्रत उतरवून ठेवावी. आवाज काढून टाकण्याचे काम प्रत उतरल्यानंतरच करावे.