कॉलेजला वाटतं घरी, घराला वाटतं कॉलेजात

बेलवलीतून मुंबईच्या कॉलेजात जाणारा मुलगा पहाटे पाचला उठतो. शेअर रिक्षाने बदलापूर स्टेशन गाठतो. बदलापूरहूनच सुटणारी लोकल मिळाली तर बसायला जागा, कर्जतहून भरून आलेली असेल तर कुर्ल्यापर्यंत एका पायावर. शेवटचं लेक्चर संपलं की बाकीचे कट्ट्यावर टेकतात, हा घड्याळ बघतो. ‘त्याची गाडी आहे’ म्हणत म्हणत मित्र हळूहळू त्याला कशातच धरेनासे होतात. घरी पोचतो तेव्हा आई स्वयंपाकात असते, बाबा अजून गाडीतच. कसा गेला दिवस? बरा. बोलणं संपलं.

विद्यार्थ्यांच्या मनात आयुष्य संपवण्याचे विचार का येतात, हा विषय निघाला की आपल्याला कोटा आठवतं, आयआयटीचं वसतिगृह आठवतं. हा मुलगा आठवत नाही. तो तर आईबापाच्या घरी राहतो, त्याला काय धाड भरली?

आधी थोडे आकडे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. राज्यांच्या यादीत महाराष्ट्र सर्वांत वर होता. पण याच अहवालात ‘परीक्षेतील अपयश’ या कारणाखाली सगळ्या मिळून अडीच हजारांच्या आतच नोंदी आहेत. म्हणजे त्या साऱ्या विद्यार्थ्यांच्या धरल्या, तरी पाचातल्या चारांचं कारण निकालपत्राबाहेर उरतं. शिवाय ही कारणं पोलिसांच्या कागदावरची, एका ओळीत मावणारी. माणूस एका ओळीत मावत नाही.

मग आत काय चाललेलं असतं? थॉमस जॉइनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने २००५ मध्ये एक सिद्धांत मांडला. त्याच्या स्वतःच्या वडिलांनी आत्महत्या केली होती, त्यामुळे हा प्रश्न त्याच्यासाठी पुस्तकी नव्हता. त्याच्या मते दोन भावना एकत्र आल्या आणि त्या कधी बदलणारच नाहीत असं वाटू लागलं, की मरणाची इच्छा मूळ धरते. पहिली, आपण कुणातच नाही. दुसरी, आपण घरच्यांवर ओझं आहोत.

पहिलीचं वर्णन वर आलंच. चोवीस तासांतले चार-पाच तास रुळांवर गेले की मैत्रीला लागणारा वेळ उरत नाही. मैत्री लेक्चरमध्ये होत नाही, लेक्चर बुडवून होते. गावातही तो परकाच, कारण शाळेतले सोबती पांगलेले आणि सोसायटीतले चेहरे फक्त लिफ्टपुरते.

दुसरी भावना बदलापुरात समजून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ९८ हजार होती, २०११ मध्ये ती १ लाख ७४ हजार झाली. ही माणसं का आली? मुंबईत, डोंबिवलीत परवडेना म्हणून. घराचा हप्ता, पास, फी आणि गावाकडे पाठवायचे पैसे हा हिशेब अशा घरात जेवताना होतो आणि मुलं तो ऐकत असतात. ‘तुझ्यासाठीच चाललंय हे सगळं’ हे वाक्य आईबाप प्रेमाने बोलतात. पण ज्याला दोन विषयांत केटी लागली आहे, त्याच्या कानावर ते कसं पडतं? माझ्यामुळे चाललंय. मी नसतो तर यांचं बरं झालं असतं. हा हिशेब साफ खोटा असतो, पण खचलेल्या मनाला तो पटतो, आणि इथेच खरा धोका आहे.

केटीवर थोडं थांबायला हवं, कारण ती घरी सांगितलीच जात नाही. ‘सगळे विषय सुटले’ असं एकदा सांगून झालं की पुढच्या सत्रात तीच थाप मोठी करावी लागते. मागे फिरता येत नाही, पुढे रस्ता दिसत नाही. ग्लासगोचे संशोधक रॉरी ओ’कॉनर आत्महत्येच्या विचारांच्या मुळाशी याच दोन गोष्टी धरतात: हरल्याची भावना आणि कोंडीत सापडल्याची भावना. नुसता हरलेला माणूस सावरतो. हरलेला आणि कोंडलेला माणूस बाहेर पडायची वाट शोधू लागतो, आणि त्याला एकच वाट दिसते. मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेकनेही १९७०च्या दशकात दाखवून दिलं होतं की नुसत्या उदासीपेक्षा ‘आता काहीच बदलणार नाही’ ही निराशा अधिक घातक.

याला खतपाणी घालणाऱ्या आणखी गोष्टी आहेत. झालेला अपमान रात्रभर मनात घोळवत राहणं; मराठीत रवंथ म्हणतात ते हेच. दुसऱ्यांनी आपल्याकडून शंभर टक्क्यांची अपेक्षा धरली आहे आणि एकही गुण कमी पडला तर आपण त्यांच्या मनातून उतरू, ही धास्ती. अपुरी झोप, ती पाचच्या गजराने रोजचीच ठरलेली. लहानपणी झालेले अत्याचार, जातीवरून मिळणारे टोमणे, नशा.

यांना ‘मानसिक’ जोखमी म्हणतात खरं, पण त्यांतल्या कित्येक मनाबाहेर तयार होतात. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिकांची ऑनलाइन तपासणी घाईत आणली, निकाल काही महिने रखडले आणि शेवटी कुलगुरूंना पद गमवावं लागलं. त्या काळात ज्यांचे पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या लटकल्या, त्यांच्या बेचैनीला कुठली मनोवृत्ती जबाबदार धरायची?

धीर देणारीही एक बाब आहे. जगभरातल्या सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचा विचार येऊन गेलेले विद्यार्थी २२.३ टक्के होते, प्रत्यक्ष प्रयत्न केलेले ३.२ टक्के. म्हणजे विचार येणं दुर्मीळ नाही आणि विचार आला म्हणजे शेवट ठरला असंही नाही. तो लाटेसारखा येतो आणि ओसरतो. ती लाट ओसरेपर्यंत जवळ कुणीतरी असावं लागतं.

‘झोपलो तर उठूच नये’ हाही त्याच विचाराचा सौम्य अवतार आहे. आपल्याकडे ‘मेलेलं बरं’ हे इतकं सर्रास बोललं जातं की मुलाने म्हटल्यावर आपण वर मान करूनही बघत नाही. बघावं. आणि सरळ विचारावं: “जीव द्यावासा वाटतो का रे?” विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल ही भीती निराधार आहे, २०१४ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला गेला, त्यात तसं काही आढळलं नाही. उलट विचारल्याने हायसं वाटतं. विचारल्यावर मात्र गप्प बसून ऐकायचं. ‘आमच्या वेळी’ने सुरू होणारं वाक्य तिथे उपयोगाचं नाही. मूल ‘हो’ म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि डॉक्टरांकडे न्यायला उद्याची वाट बघायची नाही.

पोलिसांच्या लफड्याची धास्ती अजून घरोघरी आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं आणि तिला उपचार पुरवण्याची जबाबदारी सरकारवर टाकली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर असा प्रयत्न गुन्हा ठरवणारं जुनं ३०९ कलमच नाही.

कॉलेजांची बाजू बघू. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व शिक्षणसंस्थांसाठी पंधरा मार्गदर्शक तत्त्वं घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तर किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. टेलिमानससारख्या हेल्पलाइनचे क्रमांक वर्गात, वसतिगृहात आणि वेबसाइटवर ठळक अक्षरांत हवेत. माझी शंका वेगळीच आहे. समुपदेशक नेमला आणि त्याची वेळ दुपारी तीन ते पाच ठेवली, तर बेलवलीचा मुलगा त्या वेळी गाडी पकडायला पळत असतो. त्याला भेटायचं असेल तर वेळापत्रक त्याच्या लोकलला जुळवावं लागेल, नाहीतर समुपदेशन फोनवर न्यावं लागेल. उल्हासनगर-अंबरनाथच्या कॉलेजांत जाणाऱ्यांचा प्रवास वाचतो, पण ‘तिथे जाताना कुणी बघितलं तर’ ही भीती दुप्पट होते, कारण शिपायापासून सगळे ओळखीचे. तेव्हा दारावर मोठी पाटी लावताना तिथे आत-बाहेर कोण करतं हे दिसणार नाही, एवढंही बघावं.

ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था याच मध्य रेल्वेवर आहे. आणि तिथवरही जाणं होत नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. आत्ताच मोबाइलमध्ये सेव्ह करा. मुलाच्या नव्हे, आधी स्वतःच्या.