थॉरचा हातोडा कोणी घडविला?

गेल्या वर्षी एका कारखान्याच्या फाटकावरील सभा आटोपल्यानंतर फौंड्रीतल्या एका तरुण कामगाराने आम्हांला बाजूला घेऊन विचारले, "काका, थॉरचा हातोडा म्हणजे परग्रहावरचे यंत्र होते म्हणतात, ते खरे का?" वेतनकराराच्या धामधुमीत हा प्रश्न आम्हांला प्रथम गमतीचा वाटला. पण मागाहून वाटले की, या पोराने विचारले ते आमच्याच धंद्यातले आहे. एखादी वस्तू कोणाच्या हातची, हाच तो प्रश्न! आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि वाचनालयात अधिक झाले. त्या वाचनातून जो उलगडा झाला, तो येथे मांडतो.

थॉर हा नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क व आइसलँड या देशांत ख्रिस्ती धर्म पोहोचण्यापूर्वी पुजला जाणारा मेघगर्जनेचा देव. इंद्राच्या हाती वज्र, तसा याच्या हाती म्योल्निर नावाचा हातोडा. तो फेकला की शत्रूला लागून पुन्हा हातात येतो. थॉरचा बाप ओडिन याचा घोडा आठ पायांचा. आणि देवांच्या आसगार्ड नगरीला जाण्याची वाट म्हणजे इंद्रधनुष्याचा पूल. 1968 साली एरिक फॉन डेनिकन या स्विस हॉटेल-व्यवस्थापकाचे एक पुस्तक जर्मन भाषेत निघाले आणि जगभर खपले. आकाशातून आलेल्या प्रवाशांनाच प्राचीन माणसांनी देव मानले, असे त्याचे म्हणणे. हीच किल्ली मग उत्तरेकडील देवांनाही लावण्यात आली. हातोडा म्हणजे अस्त्र, पूल म्हणजे किरण, घोडा म्हणजे यान! थॉर 1962 पासून अमेरिकन चित्रकथांत होताच; 2011 सालच्या चित्रपटाने तर त्याला सरळ दुसऱ्या जगाचा रहिवासी करून टाकले.

परग्रहावर जीव असेल का, हा प्रश्न मुळीच हसण्यावारी नेण्याजोगा नाही. 1995 साली आपल्या सूर्यासारख्या एका दूरच्या ताऱ्याभोवती ग्रह सापडला, आणि आज असे पाच हजारांहून अधिक परके ग्रह ज्ञात आहेत. पण जीव असू शकेल, एवढ्यावरून तो येथे येऊन गेला, असे ठरत नाही. त्याला पुरावा हवा. आणि या पृथ्वीवर न घडलेले एकही हत्यार कोणत्याही उत्खननात हाती आलेले नाही.

आता या कथा आपल्यापर्यंत आल्या कशा, ते पाहू. त्यांचा मोठा भाग स्नोरी स्टुर्लुसन या आइसलँडच्या पुढाऱ्याने 1220 च्या सुमारास लिहिलेल्या 'एडा' या ग्रंथात आहे. आइसलँडने ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो 1000 च्या सुमारास. म्हणजे स्नोरी स्वतः ख्रिस्ती, आणि जुने देव दोनशे वर्षांमागचे. त्यांची संगती लावताना त्याने प्रस्तावनेत सांगून टाकले की, हे देव नव्हतेच. ती आशियातून, ट्रॉय नगराकडून आलेली थोर माणसे होती. देव म्हणजे दूरदेशचे शहाणे पाहुणे, ही कल्पना अशी आठशे वर्षांची जुनी आहे. स्नोरीने पाहुणे आशियातून आणले, आजचे लोक ताऱ्यांवरून आणतात. गाव तेवढे बदलले!

खुद्द कथा मात्र निराळेच सांगते. हातोडा देवांनी घडविला नाही. तो सिंद्री व ब्रोक्क या बुटक्या लोहारबंधूंनी घडविला. लोकी या कपटी देवाने त्यांच्याशी पैज लावली होती. सिंद्री भट्टीशी आणि ब्रोक्क भात्यावर. भाता क्षणभरही थांबता कामा नये, अशी सक्त ताकीद. लोकी माशी होऊन ब्रोक्कच्या पापणीला डसला, डोळ्यांत रक्त उतरले, ते पुसायला त्याने एक हात काढला, आणि तेवढ्यात हातोड्याचा दांडा आखूड राहिला. ताऱ्यांवरच्या यंत्राची ही हकिकत असू शकेल काय? भट्टीपुढे उभा राहून ज्याने घाम गाळला आहे, त्यालाच ही गोष्ट सुचेल.

जमिनीतला पुरावाही तेच सांगतो. थॉरच्या हातोड्याचे लहान ताईत उत्तरेत ठिकठिकाणी सापडतात. 2014 साली डेन्मार्कच्या लोलान बेटावर दहाव्या शतकातला एक ताईत मिळाला, त्यावर रून लिपीत लिहिले आहे की हा हातोडा आहे. डेन्मार्कमध्येच ट्रेन्डगार्डन येथे मऊ दगडाचा एक साचा सापडला. त्यात हातोड्याचा ताईतही ओतता येई आणि ख्रिस्ती क्रूसही. धर्म बदलत होता आणि कारागीर दोन्ही गिऱ्हाइकांना माल पुरवीत होता.

आणखी एक कथा आमच्या मनात घर करून बसली आहे. आसगार्डचा तट बांधण्याचा ठेका एका अनोळखी गवंड्याने घेतला. मजुरी म्हणून सूर्य, चंद्र आणि फ्रेया देवी. देवांनी मुदत दिली एका हिवाळ्याची, आणि अट घातली की, मदतीला माणूस घ्यायचा नाही. घोडा तेवढा चालेल. मुदतीला तीन दिवस उरले आणि तट जवळजवळ पुरा झाला, तेव्हा देव घाबरले. लोकीने घोडीचे रूप घेऊन गवंड्याचा घोडा पळविला, काम अडले, आणि संतापलेला गवंडी राक्षस आहे असे दिसताच थॉरने शपथा मोडून हातोड्याने त्याचे डोके फोडले. हीच त्याची मजुरी! शेवटच्या आठवड्यात खुसपट काढून बिल अडविणारे ठेकेदार आम्हीही पाहिले आहेत. ही कथा रचणाऱ्याने देवांचाही मुलाहिजा ठेवला नाही. या सर्वांच्या जागी यान बसवा, की करार गेला, दगा गेला, आणि गवंडीही गेला.

हा मोह परक्यांनाच होतो असे नाही. प्राचीन विमानविद्येचा म्हणून मिरविला जाणारा 'वैमानिक शास्त्र' ग्रंथ बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील अभ्यासकांनी 1974 साली तपासला, तेव्हा तो विसाव्या शतकातला ठरला आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नव्हती. पूर्वजांचा खरा मान हवा असेल, तर त्यांनी खरोखर जे घडविले तेच नीट पाहिले पाहिजे.

त्या तरुणाला आम्ही पुढच्या भेटीत त्या डॅनिश साच्याचे चित्र दाखविले. त्याने ते बराच वेळ न्याहाळले. परग्रहाचा विषय त्याने पुन्हा काढला नाही. विचारले ते एवढेच, "काका, एवढ्या साच्यातून किती नग निघत असतील हो?"