इन्हिबिटर टाकला म्हणजे हायड्रेट वितळलंच?

चाळीसगावहून कन्नड घाट चढला की पावसाच्या पाण्याची वाट बदलते. अलीकडचं पाणी तितूर, गिरणा, तापी करत अरबी समुद्राला मिळतं; पलीकडचं शिवनेतून गोदावरीत आणि पुढे बंगालच्या उपसागरात. गोदावरी आणि कृष्णेने वाहून नेलेल्या गाळात, आंध्रच्या किनाऱ्यापलीकडे खोल समुद्रतळाखाली, २००६ साली ‘जॉइडीस रिझोल्यूशन’ या जहाजाने खोदकाम केलं तेव्हा गॅस हायड्रेटचे जाड थर हाती लागले. पाण्याच्या रेणूंच्या पिंजऱ्यात मिथेन अडकून बनलेला हा बर्फासारखा पदार्थ. एक घनमीटर हायड्रेट वितळलं तर साधारण १६४ घनमीटर वायू सुटतो.

समुद्रतळाखाली ही संपत्ती. गॅसच्या पाइपलाइनमध्ये मात्र डोकेदुखी, कारण लाइन तुंबते. म्हणून तिथे इन्हिबिटर, म्हणजे रोधक रसायनं, सोडतात. त्यांच्याविषयीचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज १ : कडाक्याच्या थंडीशिवाय हायड्रेट होत नाही.

वस्तुस्थिती : थंडीइतकंच काम दाब करतो. मिथेनचं हायड्रेट शून्य अंशाला सुमारे २६ बार दाबावर टिकतं, दहा अंशांना ७० बारच्या आसपास आणि दाब २०० बारच्या घरात गेला तर वीस अंशांच्या जवळपासही. पाइपलाइन तुंबवणारा पदार्थ साधा बर्फ नसून हायड्रेट आहे, हे अमेरिकेत हॅमरश्मिट यांनी १९३४ मध्ये दाखवून दिलं. उलट, हिवाळी लग्नात आचाऱ्याच्या सिलिंडरवर बाहेरून जमणारा पांढरा थर म्हणजे हायड्रेट नव्हे. मोठ्या शेगडीसाठी आतला द्रव भराभर वायू होतो, त्यासाठी लागणारी उष्णता सिलिंडरमधून ओढून घेतो आणि हवेतली वाफ पत्र्यावर गोठते. म्हणूनच आचारी सिलिंडर पाण्याच्या टबात ठेवतात. त्याला आच मात्र कधीही लावू नये.

गैरसमज २ : मेथॅनॉल किंवा ग्लायकॉल हायड्रेटला गरम करून वितळवतं.

वस्तुस्थिती : ही रसायनं ऊब देत नाहीत, वितळण्याची सीमारेषा सरकवतात. कुल्फीच्या हंड्यात बर्फावर मीठ टाकल्यावर बर्फ वितळतो, पण हंडा आणखी थंड होतो, तसंच हे. पाण्यात वजनाने २० टक्के मेथॅनॉल असेल तर हायड्रेट टिकण्याची तापमानमर्यादा नऊ-दहा अंशांनी खाली येते. पण पिंजरा मोडायला लागणारी उष्णता भोवतालातूनच यावी लागते. ती पोचली नाही तर वितळणं रेंगाळतं आणि सुटलेलं पाणी रसायनाला पातळ करत जातं.

गैरसमज ३ : सगळे इन्हिबिटर एकच काम करतात.

वस्तुस्थिती : मेथॅनॉल, ग्लायकॉल आणि मीठ सीमारेषा हलवतात. पीव्हीपीसारखी बहुवारिकं ती हलवत नाहीत. स्फटिक जन्माला यायला आणि वाढायला उशीर लावतात, तेवढ्यात गॅस पुढे निघून जातो. तिसरा गट हायड्रेट होऊ देतो, पण कणांना एकमेकांना चिकटू देत नाही, म्हणून तेलाबरोबर ते वाहत राहतात. दुसऱ्या गटाचं रसायन तयार झालेल्या बुचावर ओतून बूच निघेल, ही अपेक्षा फोल आहे.

गैरसमज ४ : थोडं टाकलं तरी थोडा फायदा होतोच.

वस्तुस्थिती : मात्रा अपुरी पडली तर मेथॅनॉल हायड्रेटची वाढ वेगवान करू शकतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. हिशोब गॅसच्या नव्हे, लाइनमधल्या पाण्याच्या वजनावर करायचा असतो. पाणी वाढलं की मात्राही वाढवावी लागते.

गैरसमज ५ : बूच बसलं तर एका बाजूचा दाब सोडावा.

वस्तुस्थिती : हा जिवावर बेतणारा उपाय आहे. पाठीमागच्या दाबाने सुटलेलं बूच गोळीसारखं धावतं आणि वळणावर पाइप फोडतं. दाब दोन्ही बाजूंनी, सावकाश उतरवावा लागतो. घाईने उतरवला तर वितळण्यात उष्णता खर्ची पडून पाण्याचा बर्फच होतो आणि नवं बूच बसतं.

गैरसमज ६ : समुद्रात रसायन सोडलं की मिथेन हाती येईल.

वस्तुस्थिती : गाळाच्या थरात रसायन दूरवर पोचत नाही, पाण्याने पातळ होतं आणि खर्च भागत नाही. म्हणून मुख्य भर दाब कमी करण्यावर आहे. जपानने मार्च २०१३ मध्ये समुद्रात याच पद्धतीने वायू काढला. सहा दिवसांत विहिरीत वाळू आली आणि चाचणी थांबवावी लागली. आपल्याकडे ओएनजीसीचं या विषयाला वाहिलेलं केंद्र पनवेलला आहे.

थोडक्यात, इन्हिबिटर हे बूच बसण्याआधी वापरायचं साधन आहे. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे पाणीच न ठेवणं. म्हणूनच मुंबई हायचा गॅस किनाऱ्याकडे पाठवण्याआधी ग्लायकॉलने कोरडा केला जातो. पाणी नाही, तर हायड्रेटही नाही.