कावेरीच्या खोऱ्यातील भात आणि नियोजनाचे रकाने

तंजावर म्हटले की मराठी वाचकास भोसल्यांची गादी आणि सरस्वती महाल आठवतो. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या दप्तरी मात्र हा जिल्हा भातासाठी नोंदला गेला. फोर्ड प्रतिष्ठानच्या पथकाने १९५९ मध्ये भारताच्या अन्नसंकटावर अहवाल दिला आणि त्यातून पुढे आलेल्या सघन कृषी जिल्हा कार्यक्रमाच्या पहिल्या सात जिल्ह्यांत तंजावरची निवड झाली. सुधारित बियाणे, खते, कर्ज आणि पीकसंरक्षण एकत्र पुरविण्याची ती योजना होती. अडुतुरै येथील केंद्राचा ‘एडीटी २७’ हा कुरुवै हंगामाचा वाण याच काळात पसरला. त्याचे मूळ अन्न व कृषी संघटनेच्या पुढाकाराने कटक येथे चाललेल्या जपोनिका-इंडिका संकर प्रकल्पात होते.

या नियोजनाने उत्पादन मोजले. बांधावरचे कोळी मोजण्यासाठी त्यात रकाना नव्हता आणि ही उणीव पुढे महाग पडली.

१९७० च्या दशकात केरळपासून जावापर्यंत तपकिरी तुडतुड्यांचे उद्रेक झाले. चुडांच्या बुडाशी बसून रस शोषणारी ही कीड शेतात जळल्यासारखे गोल चट्टे पाडते. फवारणी वाढविली, तरी कीड हटेना. पीटर केनमोर व सहकाऱ्यांच्या फिलिपिन्समधील अभ्यासाने कारण उलगडले. तुडतुड्यांची अंडी पर्णकोषाच्या आत असल्याने औषधापासून बऱ्याच अंशी बचावतात; मात्र त्या अंड्यांवर जगणारे मिरिड ढेकूण आणि पिल्ले टिपणारे लांडगा कोळी फवारणीत मरतात. त्यामुळे फवारलेल्या शेतातच कीड अधिक माजते.

अन्न व कृषी संघटनेने १९८० मध्ये दक्षिण व आग्नेय आशियातील देशांसाठी भातावरील एकात्मिक कीड नियंत्रणाचा कार्यक्रम सुरू केला. भारतही त्यात होता. इंडोनेशियाने नोव्हेंबर १९८६ मध्ये ५७ कीटकनाशकांचा भातावरील वापर थांबविला, कीटकनाशकांवरील अनुदानही टप्प्याटप्प्याने काढून घेतले आणि १९८९ पासून शेतकऱ्यांच्या शाळा भरविल्या. महाराष्ट्रात रुळलेल्या ‘शेतीशाळे’चा वंश हाच. पुढे जावातील संशोधनात आढळले, की चिखलातील कुजणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावर वाढणारे बारीक कीटक हंगामाच्या आरंभी, कीड येण्यापूर्वीच, कोळ्यांना पोसतात. पहिल्या तीस-चाळीस दिवसांतील फवारणी म्हणजे राखणदाराचीच उपासमार. जावाने हा धडा कायम राखला नाही, हेही सांगावयास हवे. कीटकनाशकांची विक्री पुन्हा बोकाळली आणि २००९ ते २०११ या काळात तेथे तुडतुडे परतले.

२०१९ मध्ये अन्न व कृषी संघटनेने शेती, वने व मत्स्यव्यवसायात जैवविविधतेचा विचार मुरविण्याचे धोरण स्वीकारले. डिसेंबर २०२२ च्या कुनमिंग-माँट्रियल आराखड्याने २०३० पर्यंत कीटकनाशकांपासूनचा धोका निम्म्याने घटविण्याचे लक्ष्य ठेवले. लक्ष्य स्तुत्य आहे. पण त्यात ‘धोका’ घटविण्याची भाषा आहे, ‘वापर’ घटविण्याची नव्हे. कमी विषारी द्रव्य अवेळी फवारले, तर कागदावर धोका घटेल आणि कोळी मरतच राहतील.

तंजावरचा प्रश्न म्हणूनच खास आहे. मेत्तूर धरणाचे पाणी परंपरेने १२ जून रोजी सुटते. कुरुवैमागून ताळडी घेतली, की भातामागे भात येतो. तुडतुड्यांना यजमान पीक सलग मिळते. येथे बाहेरून काही आणण्याआधी शेतात असलेले जपणे स्वस्त पडते. उंदरांसाठीचा बांबूचा ‘तंजावर धनुष्य सापळा’ हे स्थानिक कौशल्याचे उत्तम उदाहरण. पण कार्यक्रमाच्या अंदाजपत्रकात अशा वस्तूंपेक्षा पंप आणि औषधे सहज बसतात.

नियोजनात हा बदल कठीण नाही. हेक्टरी क्विंटलच्या शेजारी प्रति चूड कोळी व मिरिड यांची संख्या आणि पहिल्या चाळीस दिवसांतील फवारण्या नोंदवाव्यात. मोजणीस भिंगाचीही गरज नाही. चूड हलके झटकून बुडाशी पाहिले की पुरे. भंडारा-गोंदियाच्या धानपट्ट्यातील शेतीशाळांतही ही नोंद येत्या खरिपापासून घेता येईल.