दूरचे सोयरे, जवळचे शेजारी

मंडळी, परतवाड्याहून घाट चढून सेमाडोह, हरिसाल करीत धारणीला गेलात, तर वाटेत कुठे तरी कानावर पडणारी भाषा बदलते. खाली अचलपुरात, अकोटात ‘मले पानी दे’ हे ऐकलेले असते. वर मेळघाटात पाण्याला ‘डा’ म्हणतात. ही कोरकू भाषा. पुष्कळांना वाटते की कोरकू म्हणजे मराठीचीच रानातली मोडकी-तोडकी बोली. ही समजूत चुकीची आहे आणि तिचा भुर्दंड शाळेतल्या पोरांना पडतो. म्हणून आज तिच्याविषयी दोन शब्द.

भाषांचे नाते ओळखावे कसे? सोयरीक जुळवताना आपण घराणे पाहतो, तसेच इथेही. बाजारातून उसने आणलेले शब्द सोडून द्यायचे आणि घरातले जुने शब्द पाहायचे : अंक, अवयव, पाणी, घर. इंग्लंडच्या पश्चिमेला वेल्स नावाचा लहानसा मुलूख आहे. तिथल्या वेल्श भाषेत दाताला ‘दान्त’, तिनाला ‘त्री’ आणि दहाला ‘देग’ म्हणतात. श्रीलंकेच्या सिंहली भाषेत हेच शब्द ‘दत’, ‘तुन’ आणि ‘दहय’ असे आहेत. आता आपले दात, तीन, दहा त्यांच्या शेजारी मांडून पाहा! अर्थात दोन-चार शब्द सारखे लागले म्हणून नाते ठरत नाही. आवाज नियमाने बदललेले दिसावे लागतात. आपल्या वऱ्हाडीत डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’ होतो. ळ गेला की य येतो, हा झाला नियम. तसाच सिंहलीत पुष्कळदा स चा ह होतो, म्हणून सात तिथे ‘हत’ झाले. अशी तपासणी करून पंडितांनी ठरविले की वेल्श, सिंहली आणि मराठी या एकाच मोठ्या कुळातल्या भाषा आहेत. सिंहली तर मराठीची जवळची बहीण, वेल्श फार लांबची.

आता हीच कसोटी कोरकूला लावा. एक, दोन, तीन, चार, पाच हे कोरकूत साधारणपणे ‘मिया, बारी, आफाय, उफून, मोनोय’ असे म्हणतात. घराला ‘उरा’, कुत्र्याला ‘सिटा’, वाघाला ‘कुला’. मराठीशी काही जुळते का? नाही. पण झारखंड-बंगालातल्या संथाळांकडे जा. तिथे पाण्याला ‘दाक्’, कुत्र्याला ‘सेता’, वाघाला ‘कुल’, आणि दहाला कोरकूसारखेच ‘गेल’! कोरकू ही संथाळीप्रमाणे मुंडा शाखेची भाषा. या शाखेची दूरची भावंडे कंबोडिया-व्हिएतनामपर्यंत पसरली आहेत. भारतीय भाषांच्या सरकारी पाहणीत मराठीचा खंड १९०५ साली निघाला, आणि १९०६ सालच्या खंडात कोरकूची नोंद मुंडा भाषांमध्ये झाली. म्हणजे हजारो कोसांवरची वेल्श ही मराठीची सोयरी, आणि बांधाला बांध लागून असलेली कोरकू दुसऱ्या घराण्यातली.

घराणे वेगळे, म्हणून व्याकरणाची रीतही वेगळी. मराठीत तीन लिंगे आहेत. कोरकूत ‘तो आला, ती आली, ते आले’ हा भेद नाही. तिथे भेद आहे तो सजीव आणि निर्जीव असा. म्हणून एखादे कोरकू पोर वर्गात ‘माय आला’ म्हणाले, तर ते मठ्ठ आहे असे समजू नका. ते आपल्या घरचा नियम पाळून बोलत आहे. उलट आपल्याकडे नाही ते त्याच्याकडे आहे. संस्कृतातले द्विवचन मराठीने केव्हाच टाकून दिले, पण कोरकूत एक, दोन आणि अनेक यांसाठी तीन वेगळी रूपे आजही चालतात. अनेकवचनाचा प्रत्यय ‘कू’. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कोरकू’ म्हणजे माणसे.

तरी शेजाराच्या खुणाही आहेत. दोन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मराठीत ‘आम्ही जातो’ म्हटले की ऐकणारा मागे राहतो, आणि ‘आपण जाऊ’ म्हटले की तो सोबत निघतो. हा बारीक भेद इंग्रजीत नाही, पण कोरकूत आहे : ऐकणाऱ्याला वगळून ‘आले’, त्याला धरून ‘आबुंग’. व्याकरण शिकविणाऱ्या गुरुजींना याहून चांगला दुवा कोणता मिळणार?

भाषा हिणवली की काय होते, हे वेल्समध्ये घडून गेले आहे. एकोणिसाव्या शतकात तिथल्या कित्येक शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडाची फळी अडकवीत, आणि शेवटी जिच्या गळ्यात ती सापडे त्या पोराला छडी बसे. पुढे लोक जागे झाले. १९३९ साली आबेरिस्टविथ गावी वेल्श माध्यमाची पहिली प्राथमिक शाळा निघाली, आणि पुढे कायद्यानेही त्या भाषेला मान दिला. २०२१ च्या गणतीत वेल्समध्ये वेल्श येणारे सुमारे ५ लाख ३८ हजार लोक भरले. आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सुमारे ७ लाख २७ हजार होते! श्रीलंकेचा धडा उलट बाजूचा आहे. १९५६ साली तिथे एकट्या सिंहलीला राजभाषा केले, तमिळ बाजूला राहिली, आणि त्यातून वाढलेली कटुता त्या देशाला फार महागात पडली.

या दोन्ही गोष्टी आपल्याला लागू आहेत. मराठी इथे थोरली आहे. लीळाचरित्रासारखा ग्रंथ याच अमरावती जिल्ह्यात रिद्धपुरास तेराव्या शतकात सिद्ध झाला, आणि २०२४ साली मराठीला अभिजात भाषेचा मान मिळाला. थोरल्याने धाकट्या शेजाऱ्याला दाराबाहेर ठेवू नये. कोरकू पोरांना मराठी आलीच पाहिजे. कचेरी, दवाखाना, बाजार, कॉलेज यांचा दरवाजा तिनेच उघडतो. पण त्यांच्या भाषेचा हात धरून ती लवकर येईल.

गुरुजी, हे अवघड नाही. पहिल्या आठवड्यात मुलांकडूनच वीस शब्द शिकून घ्या. फळ्यावर ‘पाणी’ लिहा, शेजारी ‘डा’ लिहा. अंक दोन्ही भाषांत म्हणवून घ्या. तुमचा उच्चार चुकला तर पोरे हसतील, हसू द्या. ज्या वर्गात गुरुजींचीही चूक होते, त्या वर्गात पोराला तोंड उघडायची भीती राहत नाही.