क्रेट 'इंट', मग मोबाइल नंबर का नाही? डेटा टाइप म्हणजे नेमकं काय?

नारायणगाव असो की मंचर, बाजारात माल विकला की शेतकऱ्याच्या हातात पट्टी येते. त्यातलं नाव कुठलं, भाव कुठला, हे माणूस लगेच ओळखतो. कॉम्प्युटरला मात्र ते आधी सांगावं लागतं. यालाच म्हणतात डेटा टाइप.

जावासारख्या भाषेत प्रत्येक माहितीचा टाइप प्रोग्रॅम चालण्याआधीच ठरतो. कोडमध्ये क्रेटच्या संख्येच्या जागी नाव टाकलं, तर कंपायलर तिथेच अडवतो.

नेहमी लागणारे टाइप असे:

• इंट: पूर्ण संख्या. ४० क्रेट.
• डबल: दशांश संख्या. १९.५ किलो.
• बूलियन: हो किंवा नाही. पैसे मिळाले का?
• स्ट्रिंग: मजकूर. नाव किंवा '२१४/२अ' असा गट नंबर.

मग मोबाइल नंबर? इंटची कमाल मर्यादा आहे २,१४,७४,८३,६४७. त्यामुळे ९ ने सुरू होणारा दहा अंकी नंबर त्यात मावतच नाही. शिवाय मोबाइल नंबरांची बेरीज कुणी करत नाही. म्हणून तो स्ट्रिंग.

खरी काळजी पैशांची. डबलमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही, कारण कॉम्प्युटर हे आकडे बायनरीत, जवळपास साठवतो. म्हणून ४५०.५० रुपये हे ४५,०५० पैसे असे पूर्ण संख्येत ठेवणं सुरक्षित.

पण पैशांत मोजलं तर इंट सुमारे २ कोटी १४ लाख रुपयांनाच भरतो. त्यापुढे जावा एररही देत नाही, बेरीज थेट उणे होते. बाजाराच्या उलाढालीसाठी म्हणूनच 'लाँग' हा मोठा टाइप हवा.

टाइप चुकला, तर हिशोब चुकतो. आणि तो हिशोब कुणाच्या तरी घामाचा असतो.