नावासाठी लढलेल्यांची साक्ष निनावी का?

प्रस्थापित माध्यमे आपल्याला जागा देत नाहीत, ही तक्रार जुनी आहे आणि खरीही आहे. १९२० साली पैसे मोजण्याची तयारी असतानाही ‘केसरी’ने ‘मूकनायक’ची जाहिरात छापली नव्हती. आज खेड्यातला कार्यकर्तासुद्धा साध्या मोबाईलवर चित्रीकरण करून यूट्यूबवर व्हिडिओ टाकू शकतो. त्यासाठी कोणत्याही संपादकाच्या दारात उभे राहावे लागत नाही. पण टाकलेला व्हिडिओ शोधणाऱ्याला सापडतो काय? आमचा प्रश्न इथून सुरू होतो.

नामांतराच्या लढ्याचेच उदाहरण घेऊ. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. १९७९ साली लाँग मार्च निघाला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. तेव्हा विशीत असलेले कार्यकर्ते आज सत्तरीच्या आसपास आहेत. गावोगावचे तरुण त्यांच्या मुलाखती टिपून ठेवतात, हे मोलाचे काम आहे. परंतु या व्हिडिओंना नावे काय दिली जातात? ‘काकांची मुलाखत, भाग २’, ‘जबरदस्त भाषण, एकदा ऐकाच’! काहींवर तर मोबाईलने दिलेला आकडाच नाव म्हणून राहतो. ज्या समाजाने एका नावासाठी सोळा वर्षे किंमत मोजली, त्याच्या साक्षीदारांची साक्ष निनावी पडून राहावी, यापेक्षा मोठी विसंगती कोणती?

शोधयंत्राला आपला इतिहास ठाऊक नसतो. शोधणाऱ्याने टाईप केलेले शब्द व्हिडिओचे शीर्षक, त्याखालचे वर्णन आणि व्हिडिओतील मजकूर यांच्याशी जुळतात का, हे ते पाहते. त्या शोधातून आलेले लोक व्हिडिओ किती वेळ पाहतात, हेही ते मोजते. उद्या एखादी विद्यार्थिनी ‘नामांतर आंदोलन’ हे शब्द टाईप करील आणि आपल्या व्हिडिओवर ते शब्दच नसतील, तर तिच्यासमोर दुसऱ्या कुणाचा तरी व्हिडिओ येईल. तो लढ्याची टिंगल करणाराही असू शकतो. तिला तोच इतिहास वाटला, तर दोष तिचा कसा?

म्हणून शीर्षकात विषय, गाव आणि साल आलेच पाहिजे. शीर्षकाला शंभर अक्षरांची मर्यादा आहे, तेव्हा महत्त्वाचे शब्द आधी यावेत. वर्णनासाठी पाच हजार अक्षरांची जागा मिळते. बहुतेक जण ती रिकामी सोडतात किंवा तिथे केवळ घोषणा लिहितात. त्या जागी बोलणारी व्यक्ती कोण, तेव्हा कोणत्या गावी होती, काय पाहिले, मुलाखत कधी घेतली, हे सरळ वाक्यांत लिहावे. लोक एकच गोष्ट अनेक शब्दांनी शोधतात, हेही ध्यानात घ्यावे. कुणी ‘नामांतर’ लिहितो, कुणी ‘नामविस्तार’. कुणी ‘औरंगाबाद’ म्हणतो, कुणी ‘छत्रपती संभाजीनगर’. मराठी माणूस ‘आंबेडकर’ लिहितो, हिंदीत अनेक जण ‘अंबेडकर’ लिहितात, आणि असंख्य तरुण मराठीसुद्धा रोमन लिपीत टाईप करतात. ही सर्व रूपे वर्णनात सहजपणे यावीत. नुसत्या शब्दांची रास मात्र ओतू नये. ते यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. टॅगच्या चौकटीवर तासन् तास घालवू नयेत. शोधात टॅगचा वाटा अगदी थोडा असतो, हे यूट्यूबनेच सांगितले आहे.

आम्ही वकील मंडळी बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे शासनाने प्रकाशित केलेले खंड वापरतो, तेव्हा खंड आणि पान सांगून बोलतो. पान सांगता आले की समोरच्याला उडवाउडवी करता येत नाही. दोन तासांच्या मुलाखतीला मात्र पाने नसतात. ती आपण घालायची असतात. वर्णनात ००:०० पासून सुरू करून वेळ आणि विषय ओळीने लिहिले की व्हिडिओचे प्रकरणांमध्ये भाग पडतात. त्यासाठी किमान तीन नोंदी हव्यात आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा हवा. त्याहून महत्त्वाचे काम म्हणजे संपूर्ण बोलणे टाईप करून उपशीर्षके म्हणून जोडणे. मराठवाड्यातल्या म्हातारीची बोली तिच्याच शब्दांत राहू द्यावी. सोबत हिंदी व इंग्रजी भाषांतर दिले, तर पंजाबातला किंवा लंडनमधला माणूसही तिची साक्ष समजून घेईल.

मात्र सापडण्याच्या हव्यासापोटी सत्याला धक्का लागता कामा नये. भडक, खोटे शीर्षक पाहून आलेला माणूस अर्ध्या मिनिटात निघून जातो. त्यामुळे व्हिडिओ मागे पडतोच, शिवाय आपल्या साक्षीची विश्वासार्हताही जाते. व्हिडिओ जितका सहज सापडेल, तितकी जबाबदारीही वाढते. बोलणाऱ्याची लेखी संमती घ्यावी. बलात्कार पीडितेची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे शीर्षकात, वर्णनात वा उपशीर्षकांत अशी ओळख येता कामा नये. मूळ फाईल जपून ठेवावी, कारण यूट्यूब हे काही आपले अभिलेखागार नव्हे.

या कामाला पैसा लागत नाही, चिकाटी लागते. प्रत्येक शाखेने, प्रत्येक विहाराने दोन सुशिक्षित तरुणांना एवढेच काम द्यावे की, आजवर टाकलेले व्हिडिओ एकेक करून उघडावेत, नावे सुधारावीत, वर्णने लिहावीत, वेळेच्या नोंदी घालाव्यात. जयंतीच्या डीजेवर होणाऱ्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही. साक्षीदार एकेक करून आपल्यातून जात आहेत. ते हयात आहेत तोवर गावांची नावे, तारखा त्यांनाच विचारून तपासता येतील. नंतर निनावी व्हिडिओला नाव कोण देणार?